वाचकांचे प्रश्न : लहान कॉकटेल बार आणि ग्राहकसेवा

सोलापूरला परमिट रूम नवी नाही. नवे आहेत ते आठ-दहा टेबलांचे, एका काउंटरचे आणि एखाद्याच बारटेंडरच्या हातावर चालणारे कॉकटेल बार. अशा ठिकाणी मिळालेल्या सेवेबद्दल आपले अनुभव कळवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत राग आहे, कौतुक आहे, आणि एका बारमालकाचे अगदी मनापासून लिहिलेले पत्रही आहे. ही सारी पत्रे वाचताना मला असे दिसले की बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : ग्राहकाला जे आधी सांगायला हवे होते, ते कोणी सांगितले नाही. पेयात काय आहे, माप किती आहे, वेळ किती लागेल, बिलात काय लागणार आहे, यांपैकी काहीतरी ग्राहकाला उशिरा आणि स्वतःहून विचारल्यावरच कळले. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणाचे नाव छापणे योग्य नसल्यामुळे पत्रलेखकांची आणि बारची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मे महिन्यातील एका शनिवारी आम्ही सहा मित्र एका लहान कॉकटेल बारमध्ये गेलो आणि सहाजणांनी सहा वेगवेगळी पेये मागवली. वेटर प्रत्येक वेळी ‘आत्ता आणतो’ म्हणत होता. पहिला ग्लास वीस मिनिटांनी आला आणि शेवटचा पाऊण तासाने, तोपर्यंत चकणाही संपला होता. माझ्या ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये बर्फाचा बारीक चुरा होता; अर्धा ग्लास होईपर्यंत व्हिस्कीचे पाणी झाले. विचारले तेव्हा ‘गर्दी आहे साहेब’ एवढेच उत्तर मिळाले आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. आम्ही गप्प बसायला हवे होते का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : मुळीच नाही. मात्र आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवलेल्या बऱ्या, कारण विलंबाला निदान समजण्यासारखे कारण आहे, पाणचट पेयाला तेवढेही नाही.

नेहमीच्या परमिट रूममध्ये ‘सिक्स्टी’, म्हणजे ६० मिली, सांगितली की वेटर मापाने व्हिस्की ओततो, सोडा ठेवतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. कॉकटेलचे काम असे उरकत नाही. मोहितोसाठी पुदिना, लिंबू आणि साखर ग्लासातच हलक्या हाताने दाबावी लागते, कारण पुदिना जोरात कुटला तर कडवट उतरतो. ज्या पेयात लिंबाचा किंवा फळाचा रस, साय अथवा अंडे असते, ते शेकरमध्ये बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोराने हलवतात. ओल्ड फॅशन्ड किंवा नेग्रोनीसारखी, ज्यांत रस नसतो अशी पेये लांब दांड्याच्या चमच्याने शांतपणे ढवळतात. प्रत्येक पेयानंतर शेकर, गाळणी आणि माप धुवायचे असते. एका पेयाला दोन-तीन मिनिटे धरली, तरी सहा निराळ्या पेयांना एकट्या माणसाची पंधरा-वीस मिनिटे जातात, आणि शनिवारी त्याच्यापुढे केवळ आपले टेबल नसते.

हे सारे वेटरला ऑर्डर घेतानाच ठाऊक असते. ‘सहा वेगळी पेये आहेत, सर्व यायला अर्धा-पाऊण तास लागेल, तिघांनी एकच पेय घेतले तर ते एकत्र करून लवकर देता येईल’, असे त्याने तेव्हाच सांगितले असते, तर निर्णय आपल्या हाती राहिला असता. पाण्याचा जग आधी ठेवणे, चकणा थोडा थांबवून आणणे आणि सहाही ग्लास एकदम हवेत की होतील तसे, हे विचारून घेणे, या गोष्टींना पैसे लागत नाहीत. पाऊण तास लागणार हे माहीत असताना ‘आत्ता आणतो’ म्हणणे हीच या प्रसंगातली खरी चूक आहे आणि ती गर्दीच्या माथी मारता येत नाही.

आता बर्फाविषयी, कारण कॉकटेलमध्ये बर्फ हा एक घटकच असतो. शेक करताना किंवा ढवळताना थोडा बर्फ वितळून पेयात साधारण पाव हिस्सा पाणी उतरते; तेवढे उतरलेच पाहिजे, नाहीतर पेय जहाल लागते. पण ओल्ड फॅशन्ड हे सावकाश घेण्याचे पेय आहे, म्हणून त्यात एकच मोठा, घट्ट तुकडा घालतात. त्याचा पृष्ठभाग त्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे तो हळू वितळतो. आपल्या गावात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत उघड्या बादलीत ठेवलेला बर्फ काउंटरवर पोहोचेपर्यंतच ओला झालेला असतो आणि ते पाणी शेवटी आपल्या ग्लासात येते. झाकणाची चांगली बर्फपेटी आणि मोठ्या तुकड्यांचे साचे एवढी सोय लहानातला लहान बारही करू शकतो.

बर्फाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. खाण्याच्या आणि न खाण्याच्या बर्फाची सरमिसळ होऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून अखाद्य बर्फात निळसर रंग घालणे बंधनकारक केले. ग्लासातला बर्फ निळसर दिसला तर तो पिऊ नये. पांढरा असला तरी तो कोणत्या पाण्याचा आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ज्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि टँकर ही नित्याची गोष्ट आहे, तेथे हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी चिकित्सक म्हणू नये.

पुढच्या वेळी पहिल्या दोन घोटांतच सांगा. ‘हे पाणचट झाले आहे, कृपया मोठ्या बर्फावर पुन्हा करून द्या’, इतके पुरे. अर्धा ग्लास संपल्यावर केलेली तक्रार खरी असली, तरी ती निस्तरणे दोन्ही बाजूंना अवघड जाते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नीने प्रत्येकी ४५० रुपयांचे एक कॉकटेल आणि ६०० रुपयांचे खाणे घेतले. बिल आले १,७७० रुपयांचे. त्यात १० टक्के सेवा शुल्क, शिवाय व्हॅट आणि जीएसटी असे दोन्ही कर होते. सेवा शुल्क काढा म्हटल्यावर व्यवस्थापकाने दारावरच्या फलकाकडे बोट दाखवले. मेनूत मद्याचे मापही लिहिलेले नव्हते. चवीवरून ते थर्टीच, म्हणजे ३० मिलीच असावे, असे वाटले. यातले कायदेशीर काय आणि बेकायदा काय?
— एक दांपत्य, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही कर बरोबर आहेत. मानवी सेवनासाठीचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा हा दर १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. खाण्यावर आणि मद्यविरहित पेयांवर उपाहारगृहांचा नेहमीचा ५ टक्के जीएसटी लागतो. आपल्या बिलात ९०० रुपयांच्या मद्यावर ९० आणि ६०० रुपयांच्या खाण्यावर ३० रुपये कर झाला. म्हणजे रीतसर रक्कम १,६२० रुपये होते. वरचे १५० रुपये हे सेवा शुल्क आहे. तो कर नाही आणि शासनाकडेही जात नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतेही हॉटेल अथवा उपाहारगृह सेवा शुल्क बिलात आपोआप लावू शकत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करू शकत नाही, ते न देणाऱ्याला प्रवेश नाकारू शकत नाही आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारू शकत नाही. हे शुल्क ऐच्छिक आहे, असे ग्राहकाला स्पष्ट सांगणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. उपाहारगृहांच्या संघटनांनी या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. २८ मार्च २०२५ रोजी एकल पीठाने सूचना योग्य ठरवल्या आणि त्या निर्णयाविरुद्ध पुढे अपील करण्यात आले. तात्पर्य असे की दारावर फलक लावला म्हणून शुल्क सक्तीचे होत नाही. ते काढून सुधारित बिल देण्याची विनंती करावी, नकार मिळाला तर बिलाची प्रत ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही दोन वर्षांपर्यंत खुला असतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क पडत नाही. परंतु दीडशे रुपयांसाठी पहिली पायरी हेल्पलाइनचीच असावी, असे माझे मत आहे.

बाटलीबंद पाण्याबद्दलही आपण विचारले असते तर बरे झाले असते, कारण तेथे अनेकांचा गैरसमज असतो. हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्या मुद्द्यावर वेटरशी वाद घालू नये. साधे पाणी मागावे.

मापाचा मुद्दा मला करापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ओल्ड फॅशन्डमध्ये साधारणतः ४५ ते ६० मिली मद्य अपेक्षित असते. नेग्रोनीत जिन, कांपारी हे कडवट मद्य आणि गोड व्हर्मूथ ही सुगंधी वाइन, हे तीनही प्रत्येकी ३० मिली असतात. ३० मिलीचे कॉकटेल विकणे हा गुन्हा नाही, पण ४५० रुपये घेताना माप न लिहिणे ग्राहकाला अंधारात ठेवणे आहे. काउंटरवर वापरले जाणारे पेगमाप वैधमापन शास्त्र विभागाने पडताळून मुद्रांकित केलेले असावे लागते. ते दाखवा, असे आपण म्हणू शकता. बाटली उंच धरून अंदाजाने धार सोडणारा बारटेंडर पाहायला आकर्षक दिसतो, पण त्या धारेत पाच-दहा मिली इकडेतिकडे झाले तर ते कळायला मार्ग राहत नाही. विशिष्ट ब्रँड मागितला असेल, तर बाटली टेबलावर आणून समोर माप भरण्याची आपल्या परमिट रूममधील जुनी पद्धत कॉकटेल बारनेही खुशाल उचलावी.

प्रश्न : आमचे घर शुद्ध शाकाहारी आहे, मी अधूनमधून व्हिस्की घेतो, पण अंडे कधीच नाही. एका बारमध्ये व्हिस्की सार (व्हिस्की, लिंबू आणि साखरेचे कॉकटेल) घेतली. वर सुरेख पांढरा फेस होता. ग्लास संपल्यावर शेजारच्या टेबलावरील गृहस्थांकडून कळले की तो अंड्याचा पांढरा बलक असतो. वेटर म्हणाला, ‘आपण विचारले नाही.’
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : आपल्याला झालेला मनस्ताप मी समजू शकतो, आणि वेटरचे उत्तर मला अजिबात मान्य नाही. सरबतासारख्या दिसणाऱ्या पेयात अंडे असेल, अशी शंका शाकाहारी माणसाच्या मनात येणार तरी कशी? विचारायचे कशाविषयी हे ज्याला माहीतच नाही, त्याच्यावर विचारण्याची जबाबदारी टाकता येत नाही. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अंडे असलेल्या पदार्थाला मांसाहाराचे चिन्ह लावावे लागते. मेनूकार्डावरही व्हिस्की सार, पिस्को सार, क्लोव्हर क्लब यांसारख्या पेयांपुढे ‘अंडे आहे’ हे दोन शब्द छापायला कोणाची हरकत असू नये. ज्या सोलापुरात व्हेज आणि नॉनव्हेजची स्वयंपाकघरे वेगळी असल्याचे फलक अभिमानाने लावले जातात, त्या गावात तर हे ओघानेच यायला हवे.

अंड्याशिवाय फेस येतो, हेही सांगितले पाहिजे. काबुली चणे शिजवल्यावर उरणारे दाटसर पाणी गाळून, थंड करून वापरले, तर त्याचा फेस अंड्याच्या बलकाइतकाच घट्ट बसतो. त्यासाठी शेकर आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून, असा दोनदा हलवतात. चण्याचे हे पाणी त्याच दिवशीचे असावे. मूळ व्हिस्की सार फेसाशिवाय, केवळ व्हिस्की, लिंबू आणि साखर एवढ्यावरही उत्तम होते. ‘अंड्याशिवाय करा’ असे सांगितले, तर कोणत्याही जाणत्या बारटेंडरला त्यात कमीपणा वाटणार नाही. कच्चे अंडे असल्यामुळे गर्भवती स्त्रिया आणि प्रकृती नाजूक असलेल्यांच्या दृष्टीनेही ही सूचना छापलेली असणे आवश्यक आहे. गर्भवतीने घ्यायचे मद्यविरहित मॉकटेलही अंड्याच्या फेसाचे असू शकते.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची असून नोकरी करते. दोन सहकाऱ्यांसह बारमध्ये गेले असता वेटरने मेनू त्यांच्याच हाती दिला, ‘वहिनींना मॉकटेल का?’ असे त्यांच्यापैकी एकाला विचारले आणि बिल मी मागितले असतानाही त्यांच्यासमोर ठेवले. दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही दोघी मैत्रिणी गेलो, तेव्हा खाली टेबले रिकामी असूनही आम्हांला वर ‘फॅमिली सेक्शन’मध्ये बसायला सांगितले. तिथे पंखाही धड चालत नव्हता. यात उद्धटपणा नव्हता, म्हणून तक्रार कशी करावी हेच कळत नाही.
— एक वाचक भगिनी, विजापूर रस्ता

उत्तर : आवाज चढवला नाही म्हणजे मान राखला, असे होत नाही. आपण समोर बसलेल्या असताना आपल्याला काय हवे हे दुसऱ्याला विचारणे हाच अवमान आहे आणि आपण तो तसाच सांगावा. शेजारी बसलेला पुरुष नवराच असणार, असे गृहीत धरून ‘वहिनी’ म्हणणारा वेटर बहुधा आदरानेच बोलत असेल. त्याला कोणी शिकवलेले नसते. शिकवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ते काम एका संध्याकाळचे आहे : मेनू प्रत्येकाच्या हाती द्यावा, ज्याचे त्याला विचारावे, संबोधन ‘मॅडम’ किंवा ‘ताई’ असे नाते न जोडणारे किंवा सगळ्यांना चालणारे असावे, आणि बिल ज्याने मागितले त्याला द्यावे, कोणी मागितले हे लक्षात नसेल तर टेबलाच्या मधोमध ठेवावे.

कायद्याच्या दृष्टीने स्त्री आणि पुरुष यांत काहीही फरक नाही. वयाची अट तीच आणि मद्यसेवनाचा परवानाही तोच. ‘फॅमिली सेक्शन’ ही सोय आहे. ज्यांना तेथे निवांत वाटते त्यांनी अवश्य बसावे, पण दोन स्त्रिया आल्या म्हणून त्यांना जिना दाखवणे ही सक्ती झाली. ‘आम्हांला खालीच बसायचे आहे’, एवढे शांतपणे म्हणून आपण बसून घ्यावे. कोणी उठवले तर मालकाला बोलवावे. खालच्या मजल्यावरचे ग्राहक त्रास देतील, अशी भीती मालकाला वाटत असेल, तर त्याने त्या ग्राहकांना आवरावे. जागा बदलायची वेळ आलीच, तर ती त्रास देणाऱ्याची बदलावी.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा आहे. ओळखपत्र पाहून मला कॉकटेल नाकारले, पण बिअर चालेल म्हणाले. हा काय प्रकार?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : बारने योग्य तेच केले. महाराष्ट्रात बिअर व वाइन यांसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांसारख्या मद्यांसाठी २५ आहे. कॉकटेलमध्ये बहुधा ही दुसऱ्या प्रकारची मद्ये असतात. त्यांनी ओळखपत्र सर्वांसमोर मोठ्याने न वाचता परत केले असेल, तर सेवेतही काही उणे नाही.

प्रश्न : मी मद्य घेत नाही, पण मित्रमंडळींसोबत बसायला आवडते. ‘डाळिंब कूलर’ नावाचे मॉकटेल २८० रुपयांना घेतले. लालभडक, नुसते गोड, डाळिंबाचा वासही नाही. डाळिंबाच्या जिल्ह्यात बाटलीतले सिरप का प्यावे?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला फार बरे वाटले, कारण यात केवळ ग्राहकाची नव्हे तर गावाचीही बाजू आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्याच शहरालगत केगाव येथे आहे. आणि कॉकटेलच्या जगात जे ग्रेनाडिन नावाचे लाल सिरप सर्वत्र वापरतात, ते मुळात डाळिंबाच्या रसाचेच. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त बाटल्यांत साखर, आम्ल, रंग आणि कृत्रिम स्वाद यापलीकडे फारसे काही नसते. आपल्या ग्लासात तेच आले असावे.

खरे सिरप करणे मुळीच कठीण नाही. भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे हलके दाबून, बिया न चिरडता रस काढावा, कारण बी चिरडली की तुरट उतरते. रसाच्या बरोबरीने साखर घालून मंद आचेवर, उकळी न आणता विरघळवावी, शेवटी थोडे लिंबू पिळावे आणि थंड करून फ्रिजमध्ये ठेवावे; दोन-तीन आठवडे ते चांगले राहते. त्यात सोडा, पुदिना आणि चिमूटभर सैंधव घातले, तर ते पेय २८० रुपयांना मला महाग वाटणार नाही, कारण बारटेंडरचे श्रम मॉकटेलला कॉकटेलइतकेच पडतात. आपला आक्षेप किमतीवर नसून नावावर आहे आणि तो रास्त आहे : ज्यात डाळिंब नाही, त्याला डाळिंबाचे नाव देऊ नये. मद्य न घेणारा ग्राहक हा दुय्यम ग्राहक आहे, ही समजूत अनेक बारमध्ये आढळते. त्याच्यासाठी दोन-तीन पेये मनापासून तयार करणाऱ्या बारमध्ये अख्खी मंडळी पुन्हा येते, कारण कुठे बसायचे हे ठरवताना त्या एकाचेही मत पाहिले जाते.

प्रश्न : मी स्वतः आठ टेबलांचा बार चालवतो. एक बारटेंडर, दोन वेटर आणि मी. ग्राहक चुटकी वाजवून, ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारतात. एका ग्राहकाने नेग्रोनी कडू आहे म्हणून परत केली आणि फोनवरच्या अभिप्रायात एकच तारा देऊन ‘भेसळ’ असे लिहिले. मी रागाने उत्तर लिहिले, तर आणखी चार जण त्याच्या बाजूने आले. बंद करण्याच्या वेळी ‘अजून एक’ म्हणून रोज वाद होतो. पोरे टिकत नाहीत. सेवा चांगली द्यायची इच्छा आहे, पण कशी द्यावी?
— एक बारमालक, सोलापूर

उत्तर : आपल्यासारख्या मालकांवरच या शहरातील चांगल्या बारचे भवितव्य अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम मेनू आटोपशीर करा. एका बारटेंडरला चाळीस पेये नीट करता येत नाहीत, दहा-बारा पुरेत. प्रत्येक पेयापुढे त्यातली मद्ये, एकूण माप आणि चव मराठीत लिहा : ‘नेग्रोनी : जिन, कांपारी, गोड व्हर्मूथ, एकूण ९० मिली, चव कडू, संत्र्याच्या सालीचा वास.’ एवढे लिहिलेले असते, तर तो ग्लास परत आलाच नसता, कारण नेग्रोनी कडू असते हे ज्याला माहीत नाही त्याने ती मागवलीच नसती. किंमत करांसह लिहिलीत, तर बिलाच्या वेळचे निम्मे वाद संपतील. लिंबाचा रस रोज ताजा काढा, साखरेचा पाक संध्याकाळच्या आत तयार ठेवा, आणि उघडलेली व्हर्मूथची बाटली फ्रिजमध्येच ठेवा. व्हर्मूथ ही मुळात वाइन असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात शेल्फवर राहिली तर ती लवकर उतरते आणि मग नेग्रोनीला जो शिळा वास येतो त्यालाच अजाण ग्राहक भेसळ म्हणतो. आपल्याकडे तसे झाले असेल का, हे एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहा.

लेखी तक्रारीला रागाने उत्तर देऊ नये, पण मौनही धरू नये. त्या दिवशी काय झाले, पेयात काय होते, ते बदलून दिले होते का, पैसे घेतले की सोडले, एवढेच चार-पाच वाक्यांत लिहावे. ‘भेसळ’ हा आरोप गंभीर आहे, म्हणून ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून बाटल्या येतात त्याची बिले आपल्याकडे आहेत आणि ती पाहायला मिळतील, असे सांगावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. आपल्या बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे. तो छापलेला नसेल तर आजच छापून घ्या, म्हणजे बोट ठेवायला जागा उरणार नाही.

चुटकीविषयी माझे मत ठाम आहे. आपल्या वेटरचे नाव त्याच्या शर्टावर मोठ्या मराठी अक्षरांत लावा आणि आपण स्वतः सर्वांदेखत त्याला त्या नावाने, ‘अहो’ लावून हाक मारा. मालक ज्याला ‘पोऱ्या’ म्हणतो, त्याला ग्राहकही तसेच म्हणतो. याउपरही कोणी शिवी दिली किंवा हात धरला, तर त्या ग्राहकाला ‘आज आपली सेवा करता येणार नाही’ असे मालकाने स्वतः सांगावे. हे काम वेटरवर सोपवू नये. पूर्व भागातील तेलुगू बोलणारी किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी मुले आपल्याकडे असतील, तर त्यांच्या मराठीची थट्टा होऊ देऊ नका. आपल्या गावाला तीन भाषा कळतात, ही त्या टेबलावर उपयोगी पडणारी गोष्ट आहे. काम सुरू होण्याआधी सर्वांनी पोटभर जेवावे. टिप एका डब्यात पडावी, रात्री सर्वांसमोर मोजली जावी आणि बारटेंडरलाही, भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळावा. एवढ्याने पोरे टिकतील अशी हमी मी देत नाही, पण ज्या बारमध्ये टिप मालकाच्या गल्ल्यात जाते तेथे ती टिकत नाहीत, हे मी पाहिले आहे.

‘अजून एक’चा वाद टाळायचा तर शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी प्रत्येक टेबलावर जाऊन विचारावी, दिवे मालवून ती जाहीर करू नये. त्याच वेळी बिलही तयार ठेवावे आणि परत कसे जाणार, हे सहज विचारून घ्यावे.

प्रश्न : तिसऱ्या लाँग आयलंड आइस्ड टीनंतर बारटेंडरने मला चौथा ग्लास नाकारला. मी पूर्ण शुद्धीत होतो, पैसे देत होतो. हा ग्राहकाचा अपमान नाही का?
— एक वाचक, पार्क चौक परिसर

उत्तर : नाही. या पेयात व्होडका, जिन, पांढरी रम, टकिला आणि संत्र्याचे लिक्युअर (गोड मद्य) अशी पाच मद्ये प्रचलित कृतीप्रमाणे प्रत्येकी १५ मिली, म्हणजे एकूण ७५ मिली असतात. लिंबू आणि कोला यांमुळे ती जाणवत नाहीत इतकेच. तीन ग्लासांत आपण साडेसात ‘थर्टी’ घेतल्या होत्या, आणि शरीराला एक थर्टी पचवायला साधारण एक तास लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण ती मर्यादा तिसऱ्या ग्लासाच्या कितीतरी आधी ओलांडली होती. बारटेंडरने नकार देताना पाणी आणि काही खायला आणून दिले का, रिक्षा बोलावू का असे विचारले का, हे आपल्या पत्रात नाही. विचारले असेल, तर आपल्याला त्या संध्याकाळी त्या बारची सर्वांत चांगली सेवा मिळाली. गाडी त्या रात्री तिथेच ठेवली असेल, तर सकाळी ती आणायला जाल तेव्हा त्याला तसे सांगून या.